डेटा कुठे जातो आणि वेग कोण कापतं?

मुंबईच्या फणसवाडीतल्या मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ थांबलं तर हा प्रश्न हमखास कानावर येतो. "अहो, कालच रिचार्ज मारलाय, रोजचा दीड जीबी. मुलीने लॅपटॉपला तासभर हॉटस्पॉट घेतला आणि दुपारीच नेट संपलं. हॉटस्पॉटला डबल डेटा कापतात का हो?" दुकानदार म्हणतो, "काकू, कंपनीचं आहे ते, आपल्या हातात काय," आणि वरचा छोटा डेटा-पॅक सुचवतो. पैसे दिले जातात, उत्तर मिळत नाही.

उत्तर एका वाक्याचं आहे: हॉटस्पॉटला डबल डेटा कापत नाहीत. रोज ठरावीक जीबी देणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला वेगळा दरही नाही. मग दीड जीबी तासाभरात गेला कुठे, संपल्यावर नेट एकदम रांगायला का लागतं आणि फोनच्या मागे लॅपटॉप जोडलाय हे कंपनीला दिसतं का, हे तीन प्रश्न उरतात. ते एकेक करून घेऊ.

१. मोजणारा काटा कुठे असतो

डेटा टॉवरवर मोजला जातो असा बहुतेकांचा समज असतो. टॉवर मोजत नाही. तुमच्या फोनमधून निघालेली माहिती टॉवरकडून कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत जाते. तिथे एक दार असतं, त्याला गेटवे म्हणतात. या दारातून गेल्याशिवाय यूट्यूब, व्हॉट्सॲप, बँक, काहीच गाठता येत नाही. मोजणी होते ती याच दारावर, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही माहितीची. फोटो बघितला तरी डेटा जातो आणि पाठवला तरी जातो.

गेटवेच्या मागे हिशेब ठेवणारी वेगळी यंत्रणा असते. गेटवे तिच्याकडून तुमच्या नावावर थोडा थोडा डेटा उचलतो. तो वापरून झाला की पुढचा मागतो. एका वेळी हिशेबाची यंत्रणा म्हणते, आजचा कोटा संपला. त्या क्षणी गेटवेला नवा हुकूम मिळतो: याची जोडणी तोडू नकोस, वेग कमी कर. रात्री बारा वाजता हुकूम मागे घेतला जातो. 50, 90 आणि 100 टक्के वापर झाल्याचे जे मेसेज येतात, ते याच हिशेबातून निघतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दारावरच्या काट्याला माहिती फोनने मागवली की लॅपटॉपने, याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त तुमच्या सिमच्या नावावर किती गेलं ते मोजतो.

२. लॅपटॉप एवढं का ओढतो

फोनवर साधारण दर्जाचा व्हिडिओ चालायला सेकंदाला सुमारे 1 मेगाबिट लागतं. तासाचे सेकंद 3600, म्हणजे 3600 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायचं: 450 एमबी. दीड जीबीत असे तीन तास बसतात.

तोच व्हिडिओ लॅपटॉपवर लावला की पडदा मोठा दिसतो आणि जोडणी वाय-फायची दिसते. वेबसाइट आपणहून वरचा दर्जा निवडते. त्याला सेकंदाला 5 मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन जीबी होतात. दीड जीबी चाळीस मिनिटांत संपतो. मुलीने काही वावगं केलेलं नसतं, एक लेक्चर बघितलेलं असतं.

न दिसणारा खर्च याहून वाईट. लॅपटॉपला हॉटस्पॉट आणि घरचं ब्रॉडबँड यांत फरक सहसा कळत नाही. वाय-फाय मिळालं की विंडोज रखडलेले अपडेट उतरवायला घेतं आणि फोटोंचे फोल्डर क्लाउडवर चढायला लागतात. हॉटस्पॉट दुसऱ्या फोनला दिला तरी बऱ्याचदा हेच. "वाय-फायवर असताना सगळं डाउनलोड कर" असं व्हॉट्सॲपला सांगून ठेवलेलं असेल, तर त्या फोनवरच्या सगळ्या ग्रुपांमधले सुप्रभातचे व्हिडिओ तुमच्या कोट्यातून उतरतात. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवायची, म्हणजे मोठे अपडेट थांबतात. आणि अँड्रॉइड फोनच्या डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटची वेगळी ओळ असते. कुणाशी वाद घालण्याआधी ती ओळ उघडून बघावी. बहुतेक वेळा दीड जीबीतला सव्वा जीबी तिथेच सापडतो.

३. टॉवर सगळ्यांचा असतो

मुळात मर्यादा का घालतात? कंपन्यांच्या जाहिराती हे कधी सांगत नाहीत, पण त्यामागे खरं कारण आहे.

गिरगावातल्या जुन्या चाळीत पाण्याची वेळ ठरलेली असते. लाइन एक, मजले चार. तळमजल्यावरच्या एकाने लाइनला थेट मोटर लावली की वरच्या मजल्यावरचा नळ नुसता हवा सोडतो. पाणी तेवढंच असतं, एकाने जास्त खेचलेलं असतं. मोबाइलच्या लहरींचं तसंच आहे. टॉवरच्या एका बाजूला जितके फोन, तितक्यांत ती बाजू वाटली जाते.

आता आकडे बघा. 4जीला 20 मेगाहर्ट्‌झची पट्टी मिळाली, तर नेहमीच्या दोन अँटेनांच्या रचनेत टॉवरच्या एका बाजूची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे 150 मेगाबिट असते. ती कागदावरची. प्रत्यक्षात बरीच कमी मिळते. या पट्टीचे 100 तुकडे केलेले असतात आणि दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, कुठले तुकडे कुणाला द्यायचे ते टॉवर ठरवतो. ज्याला रेंज चांगली, त्याला थोड्या तुकड्यांत बरीच माहिती पाठवता येते. जो चाळीच्या आतल्या खोलीत जाड भिंतीआड बसलाय, त्याला तोच व्हिडिओ द्यायला कितीतरी जास्त तुकडे खर्ची पडतात. म्हणून कोपऱ्यात बसून एचडी सिनेमा बघणारा एकच जण गॅलरीत उभ्या असलेल्या चौघांपेक्षा टॉवरला जड जाऊ शकतो. खिडकीशी येऊन बसल्याने फक्त तुमचा वेग वाढत नाही, शेजाऱ्याच्या वाट्यालाही थोडं जास्त येतं.

अनंत चतुर्दशीला चौपाटीकडे गर्दी सरकते तेव्हा फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि फोटो मात्र जात नाही, त्याचं कारण हेच. दांड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो ते सांगतात. वाट्याला किती तुकडे येणार ते सांगत नाहीत. अशा वेळी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून क्षमता वाढवतात. गर्दीतही फोन लागला तर आवाज बऱ्यापैकी येतो, कारण 4जीवरच्या बोलण्याला यंत्रणेत डेटापेक्षा वरचा क्रम दिलेला असतो. माझ्या मते हा क्रम अगदी योग्य आहे. अँब्युलन्सला केलेला फोन कुणाच्या रीलच्या मागे थांबता कामा नये.

४. 'अनलिमिटेड'चा प्रवास

1995 मध्ये मोबाइल आला तेव्हा मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या दोन कंपन्या होत्या. आलेल्या फोनचेही पैसे पडत. महाग दर हीच तेव्हाची मर्यादा होती, वेगळा पहारा लागतच नव्हता. डेटाचंही पुढे बरीच वर्षं तसंच राहिलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार 2014 मध्ये एका जीबीसाठी ग्राहकाला सरासरी 269 रुपये पडत. 2018 मध्ये ते 11 रुपये 78 पैशांवर आले.

मधल्या काळातली घटना फणसवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडली. 1 सप्टेंबर 2016 रोजी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओची घोषणा झाली. 5 सप्टेंबरपासून सेवा सुरू झाली आणि वर्षअखेरपर्यंतच्या पहिल्या ऑफरमध्ये ती फुकट होती. तेव्हाही दिवसाला 4 जीबीची मर्यादा होती. 1 जानेवारी 2017 पासून नव्या ऑफरमध्ये ती दिवसाला 1 जीबी झाली आणि त्यापुढे वेग 128 केबीपीएस. पुढे जिओच्या प्लॅनमध्ये कोट्यानंतरचा वेग 64 केबीपीएस झाला. डेटा 'अनलिमिटेड', वेग मात्र मर्यादित, ही रचना आपल्या अंगवळणी पडली ती इथून.

64 केबीपीएस म्हणजे नेमकं किती, ते एकदा मांडून बघायला हवं. 1 एमबी म्हणजे सुमारे 8000 किलोबिट. त्याला 64 ने भागलं की 125 सेकंद. तीन एमबीचा फोटो उतरायला सव्वासहा मिनिटं. वर सांगितलेला तासाचा साधा व्हिडिओ उतरवायला साडेपंधरा तासांहून जास्त. आणि या वेगाने अहोरात्र, एक सेकंद न थांबता ओढलं, तरी चोवीस तासांत 691 एमबीच्या वर जाता येत नाही. म्हणजे कोटा संपल्यावरचं 'अनलिमिटेड' दिवसाला पाऊण जीबीपेक्षाही कमी भरतं. व्हॉट्सॲपचे शब्द जातात, यूपीआयचे पैसे रखडत का होईना जातात, बाकी पडद्यावर गोल फिरत राहतो.

वेग कमी करण्याची रीत अशी. गेटवे तुमच्यासाठी माहितीची पाकिटं रांगेत उभी करतो आणि ठरलेल्या वेगानेच सोडतो. रांग फार लांबली की मागची पाकिटं टाकून देतो. पलीकडचा सर्व्हर पाकीट पोचलं नाही असं बघून स्वतःच हळू पाठवायला लागतो.

'अनलिमिटेड'मध्येही मर्यादा घालण्याची पद्धत फक्त डेटाची नाही. 2017 च्या सुमाराला काही कंपन्यांच्या 'अनलिमिटेड' कॉलिंगला दिवसाची आणि आठवड्याची मिनिटं ठरलेली होती. रोजचे 100 एसएमएस आपण आजही प्लॅनमध्ये वाचतो. त्या शंभराच्या आकड्याचं मूळ 2011 मध्ये जाहिरातींचा भडिमार रोखण्यासाठी ट्रायने घातलेल्या बंधनात आहे. घरच्या फायबरलाही जिओच्या 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये महिन्याला 3300 जीबीची रेषा आहे. एवढ्या लांबच्या रेषेपर्यंत साधं कुटुंब पोचत नाही, पण रेषा आहे.

५. फोनमागचा लॅपटॉप कसा ओळखतात

कोटा ठरलेला असेल तर कंपनीला हॉटस्पॉट शोधण्याची गरजच नसते. दीड जीबी विकलाय, तो कुणीही वापरो. गरज पडते ती खरोखर अमर्याद डेटा देणाऱ्या प्लॅनमध्ये. एका सिमवर अख्ख्या मजल्याचं नेट चालू नये, एवढ्यासाठी. ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत.

पहिली खूण फोनच देतो. हॉटस्पॉट चालू करताना काही फोन आधी कंपनीला विचारतात, या प्लॅनमध्ये परवानगी आहे का? काही ठिकाणी हॉटस्पॉटची वाहतूक फोनच्या वाहतुकीपेक्षा वेगळ्या मार्गाने पाठवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये असते. कंपनीने ती वापरली, तर वेगळं मोजणं सोपं जातं.

दुसरी खूण जास्त सुंदर आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो, त्याला टीटीएल म्हणतात. वाटेत प्रत्येक यंत्र पाकीट पुढे ढकलताना हा आकडा एकाने कमी करतं. शून्य झाला की पाकीट फेकून देतात, म्हणजे वाट चुकलेलं पाकीट जाळ्यात कायम फिरत राहत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन हा आकडा 64 पासून सुरू करतात, विंडोज 128 पासून. आता फोनने स्वतः पाठवलेलं पाकीट कंपनीकडे 64 घेऊन येतं. पण लॅपटॉपचं पाकीट आधी फोनमधून जातं, फोन त्यातला एक वजा करतो आणि कंपनीकडे 127 पोचतो. एका सिमवरून 64 आणि 127 दोन्ही येऊ लागले, की मागे विंडोजचा लॅपटॉप आहे हे उघड होतं. दुसरा फोन जोडला असेल तर 63 दिसतो. ही गोष्ट घरी बघता येते. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत ping 127.0.0.1 लिहून एंटर दाबा. संगणक स्वतःलाच हाक मारतो आणि उत्तराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी टीटीएल 128 दाखवतो.

तिसरी खूण, तुम्ही कुणाशी बोलता ती. बहुतेक वेबसाइटचा मजकूर आज कुलूपबंद असतो, कंपनीला तो वाचता येत नाही. तरी कुठल्या साइटकडे निघालात ते नाव बहुतेक वेळा दिसतं. फोन कधी विंडोजचे अपडेट मागत नाही. ते मागणारं सिम दिसलं की पुढचा अंदाज सोपा असतो.

चौथी खूण सिम कुठल्या यंत्रात आहे त्याची. *#06# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. त्यातले पहिले आठ आकडे यंत्राचं मॉडेल सांगतात. फोनच्या प्लॅनचं सिम वाय-फाय डोंगलमध्ये घातलं तर कंपनीला ते जोडणीच्या क्षणीच कळतं. जिओफोनचे स्वस्त प्लॅन फक्त जिओफोनमध्येच चालतात, ते याच ओळखीच्या जोरावर.

यांतली एकेक खूण चकवता येते. टीटीएल बदलता येतो, व्हीपीएनने साइटची नावं झाकता येतात. झाकता येत नाही ते प्रमाण. दारावरच्या काट्याला आत काय आहे ते दिसलं नाही, तरी किती गेलं ते दिसतंच.

६. पहारा कुठे चुकतो

अमेरिकेत हा झगडा आपल्या आधी आणि जास्त उघडपणे झाला. 2011 मध्ये एटी अँड टी कंपनीने परवानगीशिवाय हॉटस्पॉट वापरणाऱ्या आयफोनधारकांना कळवलं की थांबला नाहीत तर तुम्हाला महागड्या हॉटस्पॉट प्लॅनमध्ये टाकू. 2012 मध्ये हॉटस्पॉटची ॲप रोखल्याच्या प्रकरणात व्हेरायझन कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली. 'अनलिमिटेड' विकून न सांगता वेग कापल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशनने 2014 मध्ये एटी अँड टीवर दावा लावला. 2019 मध्ये कंपनीने 6 कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

सगळ्यात गंभीर प्रसंग 2018 चा. कॅलिफोर्नियात जंगलाला भीषण वणवा लागला होता. सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी तिथे साधनं आणि माणसं कुठे पाठवायची याचा समन्वय इंटरनेटवरून करत होती. तिच्या 'अनलिमिटेड' प्लॅनची रेषा ओलांडली गेली आणि व्हेरायझनने वेग आधीच्या दोनशेव्या भागावर आणला. जवान विनवत होते आणि कंपनी वरचा प्लॅन घ्या म्हणत होती. चूक झाल्याचं कंपनीने नंतर मान्य केलं. यंत्रणेला आकडा दिसतो, आकड्यामागचं काम दिसत नाही, हे मला या प्रसंगात सर्वांत अस्वस्थ करतं.

आपल्याकडे नियमांची बाजू तुलनेने चांगली आहे. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकूर बघून वेगवेगळा दर लावायला बंदी घातली. मजकुरावरून वेगातही भेदभाव नको, अशा ट्रायच्या 28 नोव्हेंबर 2017 च्या शिफारशी दूरसंचार विभागाने जुलै 2018 मध्ये स्वीकारल्या. त्यांनुसार गर्दी आवरण्याचे उपाय करता येतात, पण ते प्रमाणात, तात्पुरते आणि ग्राहकाला सांगून केलेले हवेत. कोटा संपल्यावर सगळ्याच वाहतुकीचा वेग कमी करणं यात बसतं. फक्त व्हॉट्सॲप कॉल अडवणं बसत नाही. 2020 मध्ये एअरटेलचा प्लॅटिनम आणि व्होडाफोन आयडियाचा रेडएक्स, हे जास्त पैसे देणाऱ्याला आधी वेग देऊ पाहणारे प्लॅन ट्रायने थांबवायला सांगितले आणि वाद दूरसंचार लवादापर्यंत गेला.

ऑक्टोबर 2022 मध्ये 5जी आलं आणि त्याच्याबरोबर कोट्याबाहेरचा 'अमर्याद' डेटा आला. त्याला 'वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापर' अशी अट जोडलेली असते. ही अट मला पटत नाही. दुकान बंद करून घरी आलेला माणूस त्याच फोनवर उद्याची ऑर्डर नोंदवतो, तो वापर वैयक्तिक की व्यावसायिक? हे कंपनीने आपल्या मनाने ठरवू नये. रोजचा दीड जीबी ही साधी, प्रामाणिक मर्यादा आहे. आकडा आधी सांगितलेला असतो आणि ग्राहक त्यावर मोजून वापरतो. अमर्याद म्हणायचं आणि रेषा अटींच्या पानात ठेवायची, हे खपवून घेऊ नये. पानावर रेषा असेल तर ती जाहिरातीतही त्याच आकाराच्या अक्षरांत हवी.

७. वेग पडला तर काय बघायचं

आधी शिल्लक बघा, कंपनीच्या ॲपमध्ये. कोटा संपला असेल तर वेग दिवसभर सारखाच खुंटलेला राहतो आणि रात्री बारानंतर आपोआप सुटतो. कोटा शिल्लक आहे आणि वेग फक्त संध्याकाळी सात ते अकरा पडतो, पहाटे छान असतो, तर टॉवरवर गर्दी आहे. जागा बदलून, खिडकीशी येऊन बघा. फोनवर वेग ठीक आणि हॉटस्पॉटवर मात्र गचके, असं असेल तर आधी फोनचाच संशय घ्या. तापलेला फोन मंदावतो आणि लॅपटॉप दोन खोल्या पलीकडे असेल तर वाय-फायच पोचत नाही. यूएसबीची वायर लावून पुन्हा मोजा. वायरनेही तोच फरक राहिला, तर प्लॅनच्या अटींमध्ये हॉटस्पॉटबद्दल काय लिहिलंय ते वाचायची वेळ आली.

मोजायला ट्रायचं मायस्पीड ॲप आहे. वेगवेगळ्या वेळांना मोजा, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. मग कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, 198 वर, फोन करा, तो फुकट असतो. "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. "कोटा शिल्लक असताना, अमुक वेळी, अमुक ठिकाणी वेग एवढा" असं सांगा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, म्हणून हा नंबरच तुमचा कागद. निकाल पटला नाही तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्यालाही पैसे पडत नाहीत.